आदिमानवाचं काम कोण करणार

यवतमाळ
२० नोव्हेंबर २०२४

मंदार,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहून मी शाई संपवत नाही.

तुझं पाकीट मिळालं. ‘आदिमानव ते आधुनिक मानव : एक नेत्रदीपक प्रवास’ हे तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटुकलं चहाबरोबर वाचायला घेतलं आणि चहा निवून गेला. तू पांढरकवड्याच्या इंग्रजी शाळेचा मुख्याध्यापक, मी जन्मभर सरकारी शाळेत इतिहास शिकवून घरी बसलेली तुझी आत्या. तेव्हा ‘आत्या, फक्त एक नजर टाक’ असं तू लिहिलंस ते तुझ्या खुर्चीला शोभून दिसलं. टाकली नजर.

पहिल्या प्रवेशात आदिमानव डायनोसॉरला दगड मारतो. अरे शहाण्या, डायनोसॉर संपले त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. माणूस म्हणावा असा प्राणी पृथ्वीवर आला तो फार तर गेल्या पंचवीस लाख वर्षांत, आणि तुझ्या-माझ्यासारखा माणूस तर तीन लाख वर्षांपूर्वी. मधली सहा कोटी वर्षं तो डायनोसॉर काय तुझ्या संमेलनाची वाट बघत उभा होता? दुसऱ्या प्रवेशात आदिमानव बायकोला केसांना धरून गुहेत ओढत नेतो. हे कुठल्या उत्खननात सापडलं ते कळव. बायकोला ओढणारे नवरे आमच्या कॉलनीतच आहेत, त्यासाठी इतकं मागे जायला नको. तिसऱ्या प्रवेशात सगळे ‘हू हू’ करत शेकोटीभोवती नाचतात. संपलं नाटक. ही मंडळी खातात काय, झोपतात कुठे, आजारी पडली तर करतात काय, याचा पत्ता नाही. लाखो वर्षं माणसं नुसती नाचून जगली असं तुझ्या शाळेतल्या पोरांनी समजायचं का?

तुला वाटतं आदिमानव म्हणजे मूर्ख. गॅस संपला की तुझ्या घरी हॉटेलातून जेवण येतं आणि तू त्याला मूर्ख म्हणतोस.

निवेदन मी लिहून देते. दोन अटी. एक, माईकवर ते जसंच्या तसं वाचायचं. दोन, डायनोसॉर नको.

आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर पाठवू नकोस. अंगठा वर केलेलं चित्र मला उत्तर वाटत नाही.

शोभाआत्या

---

पांढरकवडा
२७ नोव्हेंबर २०२४

आत्या,

वाकून नमस्कार. तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं (केसांचा भाग वगळून). सगळे पोट धरून हसले. तुझ्या हातात अजून छडी आहे बरं का!

निवेदन लिहितेस हे फार म्हणजे फारच छान. सोपं लिही. आपले पालक मोठे लोक आहेत, डॉक्टर आहेत, जिनिंगवाले आहेत, त्यांना कंटाळा आला की ते उठून पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतात.

डायनोसॉरचं जरा अवघड आहे. वणीच्या मंडपवाल्या मुख्तारभाईंच्या गोदामात फायबरचा एक आहे, मोटरवर मान हलवतो. आमचे सासरे, म्हणजे संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव, स्वतः जाऊन ठरवून आले. मी तुझा मुद्दा त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, “मास्तरीणबाईले सांग, डायनोसॉर नसन तं पोट्टे कायले येतील पाहाले?” मी काय बोलणार? तुला बरं वाटावं म्हणून सांगतो, मुख्तारभाई स्वतःच म्हणाले, “सर, ये जनावर तो हम शादी में लगाते. इतिहास-बितिहास में मत पूछो.” तर आपण तो प्रवेशद्वारावर उभा करू. नाटकात नाही. तुझी अट पाळल्यासारखी झाली.

खरी अडचण वेगळी होती. आदिमानवाचं काम करायला मुलंच मिळेनात. अंगाला काजळी फासायची, गोणपाट आणि पळसाची पानं नेसायची म्हटल्यावर पालकांचे फोन सुरू. आमचा आरव अंतराळवीर होणार, आमची मुलगी परी होणार. पण त्याची व्यवस्था झाली आहे. तू काळजी करू नकोस.

निवेदन लवकर पाठव.

तुझा,
मंदार

---

यवतमाळ
५ डिसेंबर २०२४

मंदार,

दारात डायनोसॉर आणि आत इतिहास. म्हणजे मंगलकार्यालयच की. असो, तुझ्या सासऱ्यांपुढे मी हात टेकले.

निवेदन सोबत आहे. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.

“मुलांनो, डोळे मिटा आणि आपल्या घरातून एकेक वस्तू काढून टाका. मोबाईल गेला. पंखा गेला. गॅस गेला, माचिस गेली, मीठ गेलं. कपडे आणि चपला गेल्या. दार गेलं, भिंती गेल्या. आता भूक लागली आहे. काय कराल?

रडाल. आदिमानवाची मुलंही रडत असतील. पण रडून कंद जमिनीतून वर येत नाहीत, म्हणून ती आईमागे खणायला जात. कुठला कंद खायचा, कुठला खाल्ला की पोट दुखतं, कुठलं फळ कधी पिकतं, मासा कुठल्या डोहात असतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. शिकार रोज मिळत नसे. कधीकधी मोठ्या जनावराने खाऊन सोडलेलं हाड मिळे, ते फोडून आतला मगज खात. नाक मुरडू नका. तुम्हालाही आवडला असता.

त्यांचं पहिलं हत्यार दगड. पण दगड उचलला आणि झालं, असं नाही. नदीतला चांगला गोटा निवडायचा, दुसऱ्या दगडाने त्याच्या कडेवर नेमका घाव घालायचा, मग दगडाचा पातळ चिलका उडतो. त्याची धार इतकी तेज की कातडं सहज कापलं जाईल. चुकीचं मारलं तर बोट फुटतं. लेकरं मोठ्यांच्या शेजारी बसून हे शिकत. त्यांची शाळा नदीकाठी भरे.

विस्तव त्यांनी आधी बनवला नाही, आधी सांभाळला. वीज पडून झाड पेटलं की तो विस्तव आणायचा आणि लाकडं घालत जिवंत ठेवायचा. पेटवायची युक्ती फार नंतर सापडली. विस्तवामुळे अन्न मऊ झालं, थंडी पळाली, जनावरं लांब राहिली. आणि माणसं त्याच्याभोवती एकमेकांकडे तोंड करून बसू लागली.

ती एका जागी राहत नसत. फळं संपली, पाणी आटलं, की निघत. काही गुहेत राहत, पण सगळीकडे गुहा कुठून येणार? पुष्कळजण झाडाखाली, नदीकाठी, फांद्यांच्या आडोशाला राहत.

आता महत्त्वाची गोष्ट. शास्त्रज्ञांना फार जुन्या काळच्या माणसांची अशी हाडं सापडली आहेत, जी मोडून पुन्हा जुळली होती. मोडक्या पायाचा माणूस कंद खणू शकत नाही, शिकार करू शकत नाही, पळू शकत नाही. तरी तो हाड जुळेपर्यंत जगला. म्हणजे कोणीतरी त्याला खाऊ घातलं. कोणीतरी त्याच्याजवळ थांबलं. त्यांच्याकडे दवाखाना नव्हता, पण त्यांनी आपल्या माणसाला टाकलं नाही.

त्यांची नावं काय होती, ते कुठली गाणी म्हणत, कशावर भांडत, हे आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही ते सरळ माहीत नाही म्हणावं.”

एवढंच. तुझ्या पालकांना पार्किंगमध्ये जायला वेळ मिळणार नाही.

आणि ती ‘व्यवस्था’ काय झाली? तू जेव्हा ‘काळजी करू नकोस’ लिहितोस तेव्हाच मला काळजी वाटते. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आलास तेव्हाही हेच म्हणाला होतास.

शोभाआत्या

---

पांढरकवडा
१६ डिसेंबर २०२४

आत्या,

निवेदन म्हणजे निवेदन! हाडाच्या जागी मला स्वतःला भरून आलं.

तालीम जोरात सुरू आहे. व्यवस्था विचारलीस म्हणून सांगतो. आपल्या वसतिगृहात सरकारी योजनेतून आलेली आदिवासी मुलं आहेत, केळापूरच्या आजूबाजूच्या कोलाम पोडांवरची, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरची. ती सहा-सात मुलं आदिमानव करताहेत. तक्रार नाही, फोन नाही, काही नाही. मेकअपसुद्धा फारसा लागत नाही. एकदम नॅचरल वाटतं. संगीताच्या सरांनी तर टाळ्या वाजवल्या.

त्यात उर्वशी टेकाम म्हणून सहावीतली एक मुलगी आहे, फार हुशार. तुझं निवेदन हातात पडल्याबरोबर तिने एका संध्याकाळी पाठ केलं आणि माझ्या ऑफिसात येऊन धडाधडा म्हणून दाखवलं. तिला निवेदिका व्हायचं होतं. पण माईकवर डॉक्टरसाहेबांची अनघा आहे, तिचं आधीच ठरलं होतं. शिवाय माईकसाठी जरा उच्चार लागतात, तू समजशील. मी उर्वशीला नाराज केलं नाही. तिला टोळीप्रमुखाच्या बायकोचं काम दिलं. मुख्य काम आहे. संवाद नाहीत, फक्त हू हू आहे, पण सर्वात पुढे उभी राहणार.

चार जानेवारीला संमेलन. यायचं हं.

तुझा,
मंदार

---

यवतमाळ
१९ डिसेंबर २०२४

मंदार,

हे थांबव.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. डॉक्टरच्या मुलीला काजळी लावायची तर फोन येतो, आणि कोलामाच्या मुलीला लावायची तर ‘नॅचरल वाटतं’. हे तू लिहितोस, आणि वर मला समजेल म्हणतोस! मला समजलं. तुला मात्र काय केलंस ते समजलेलं नाही, हे तुझ्या अक्षरातल्या आनंदावरून दिसतं.

सहावीच्या मुलाला सांगावं तसं सांगते. आदिमानव केळापूरच्या पोडावर राहत नाही. तो कुठेच राहत नाही, तो लाखो वर्षांपूर्वी होऊन गेला. तो जितका उर्वशीचा पूर्वज, तितकाच तुझा, तितकाच तुझ्या डॉक्टरसाहेबांचा, आणि सोसेल तर विठ्ठलरावांचाही. उर्वशीचे पूर्वज जेव्हा दगड फोडत होते तेव्हा तुझे काय पंचायत समितीत कारकून होते? तेही तिथेच शेजारी बसून दगड फोडत होते. बहुधा वाईट फोडत असतील, तुझ्याकडे बघून वाटतं.

त्या मुलीच्या आई-बापांनी तिला पोडावरून तुझ्याकडे पाठवलं ते शिकायला. तिने एका संध्याकाळी सगळं पाठ केलं आणि तू तिला हू दिलास. ज्यांची मुलं परी होणार त्यांनाच काजळी लाव, नाहीतर नाटक रद्द कर. माईक उर्वशीला दे. हे करणार नसशील तर माझं निवेदन परत पाठव. तुझ्या तमाशाला मी माझे शब्द देणार नाही.

शोभाआत्या

---

पांढरकवडा
१२ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मला उशिरा मिळालं, तोवर सगळं ठरून गेलं होतं. त्यामुळे काही बदल करता आला नाही. राग धरू नकोस.

संमेलन अत्यंत यशस्वी झालं. मैदान भरलं होतं. डायनोसॉरसोबत फोटो काढायला रांग लागली होती. पेपरात फोटो आला आहे.

एक छोटासा प्रकार घडला, तो तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो. आदिमानवाचा प्रवेश रंगात आला होता, लोक हसत होते, टाळ्या देत होते. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी मजेत म्हणून सत्काराच्या टोपलीतलं केळं स्टेजवर फेकलं. वाईट हेतूने नाही. पोरं आनंदाने खातील असं त्यांना वाटलं. उर्वशीचे वडील पालकांमध्ये बसले होते. ते उठले, स्टेजवर चढले, आणि चालू कार्यक्रमात मुलीचा हात धरून तिला खाली घेऊन गेले. मी मागे धावलो. इतकं सांगून पाहिलं की हे कौतुक आहे. ते म्हणाले, “पोरगी शिकाले धाडली होती सर, लोकायनं हसाले नाही.” आणि पानं-गोणपाट अंगावर असतानाच तिला बसमध्ये बसवून घेऊन गेले. शाळेची चादर दिली होती ती तेवढी पांघरली.

तेव्हापासून ती आलेली नाही. पोडावरची आणखी चार मुलंही गेली. सरकारी कार्यालयातून विचारणा झाली आहे, मुलं का गेली म्हणून. विठ्ठलराव संतापले आहेत. मी तिथे जीप घेऊन गेलो, तर वडील शेतावर आणि मुलगी घरात असून बाहेर आली नाही.

तिच्याकडे तुझ्या निवेदनाचा कागद आहे, तो ती घेऊन गेली. तिला तुझ्याबद्दल आदर आहे. तू दोन ओळी लिहिशील का? आत्या, तिचं शिक्षण थांबायला नको. तुला आवडणार नाही ते.

तुझा,
मंदार

---

यवतमाळ
१५ जानेवारी २०२५

मंदार,

यवतमाळहून पांढरकवड्याला पत्र तीन दिवसांत पोचतं. माझं पत्र तुला पोचलं होतं, तू ते ड्रॉवरमध्ये घातलंस. खोटं बोलायचं तर जरा बरं बोलावं, पोस्ट खात्याला का मध्ये घालतोस?

केळं मजेत फेकलं म्हणतोस. पुढच्या वर्षी त्या पाहुण्यांना स्टेजवर उभं कर, मी यवतमाळहून डझनभर घेऊन येते. मजाच करायची आहे ना!

तुझ्यासाठी मी दोन ओळीही लिहिणार नाही. तुझ्या विचारणेशी आणि तुझ्या सासऱ्यांच्या संतापाशी माझं देणंघेणं नाही. पण मुलीने घरी बसू नये, एवढ्यासाठी तिला लिहीत आहे. मला रडू आलं हेही तुला सांगून ठेवते. तुला कळेल असं नाही, तरी.

शोभाआत्या

---

यवतमाळ
१५ जानेवारी २०२५

प्रिय उर्वशी,

तू मला पाहिलेलं नाहीस. तू पाठ केलेलं निवेदन मी लिहिलं. मंदार सर माझे भाचे लागतात, ही माझी चूक नाही.

तुझ्याबाबत जे झालं ते वाईट झालं. ते कौतुक नव्हतं, गंमत नव्हती. तो अपमान होता, आणि तुझ्या वडिलांनी केलं ते बरोबर केलं. कोणी तुला सांगितलं असेल की तुम्ही लोक आदिमानवासारखे राहता, तर सांगणाऱ्याला इतिहास येत नाही. आदिमानव सगळ्यांचेच पूर्वज होते. ज्या डॉक्टरांची मुलगी माईकवर होती, त्यांचेही. आपण सगळे त्यांच्यापासून सारखेच लांब आलो आहोत. कोणी मागे राहिलेलं नाही आणि कोणी पुढे पोचलेलं नाही. काहीजणांकडे फक्त मोटारी जास्त आहेत.

माझं तुला एकच मागणं आहे. शाळा सोडू नकोस. त्या शाळेत ये असं मी म्हणत नाही. पण घरी बसू नकोस. एका संध्याकाळी एवढं पाठ करणाऱ्या मुली मी जन्मभराच्या नोकरीत फार थोड्या पाहिल्या. तुझ्या हातून पुस्तक सुटलं तर ज्यांनी केळं फेकलं ते जिंकले असं होईल, आणि ते मला बिलकूल सहन होणार नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला लिही. सरांना निरोप द्यायचा असेल तर तोही लिही. मी तो गोड करून सांगणार नाही.

तुझी,
शोभा मॅडम

---

(केळापूरजवळच्या पोडावरून)
२ फेब्रुवारी २०२५

मॅडम,

नमस्कार. तुमचं पत्र पोस्टमनने किराणा दुकानात ठेवलं होतं, तिथून बाबाने आणलं. पत्र लांब आहे. बाबाले वाचून दाखवलं. डॉक्टरच्या ठिकाणी बाबा हसला.

मी शाळा सोडली नाही. मी फक्त जात नाही.

मला पानांचा राग नाही. आमच्याकडे पानं कोणी नेसत नाही. मी दिवाळीला जीन्स घेतली, पांढरकवड्याच्या बाजारातून. सरांच्या मुलीकडे तशीच आहे. सरांनी ती पाहिली होती. तरी त्यांना वाटलं की मी पानांत चांगली दिसते.

केळं मला लागलं नाही. बाजूला पडलं. बाबालेही नाही लागलं, तो तर मागे बसला होता. पण तोच उठला.

मला राग माईकचा आहे. मला पूर्ण पाठ होतं. अनघा कागदात पाहून वाचत होती तरी चुकली. आणि हाड जुळल्याचं तिने वाचलंच नाही, पान उलटताना गेलं. ते सगळ्यात चांगलं होतं. मी स्टेजवर होते, मला माहीत होतं की ती काय विसरली, आणि मला फक्त हू म्हणायचं होतं. मी हू म्हटलंच नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सर जीप घेऊन आले होते. माझ्या आईले म्हणाले, “काहून पाठवत नाही तिले? आम्ही काय वाईट केलं?” आईने पाणी दिलं. ते पाणी पिऊन गेले.

सरांना माझा निरोप सांगा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. तेव्हा त्याच स्टेजवर मी माईकवर पूर्ण निवेदन वाचीन. त्याच लोकांना बोलवायचं. आदिमानवाचं काम सरांनी करायचं. गोणपाट घालून. हू करायचं नाही. मी वाचीन ते ते करायचं.

हे केलं तर मग पुढचं मी सांगीन.

उर्वशी बापूजी टेकाम

---

यवतमाळ
६ फेब्रुवारी २०२५

मंदार,

उर्वशीचं पत्र जसंच्या तसं सोबत पाठवते आहे. वाचून झालं की बस, आणि पाणी पी. पाणी प्यायला तुला छान जमतं असं कळलं.

आता म्हणशील, मी मुख्याध्यापक, मी कसा गोणपाट नेसू? तसाच, जशी ती नेसली. काजळी लागली तर साबणाने निघते. तुझ्या भाषेत सांगायचं तर, तुला मुख्य काम मिळालं आहे. संवाद नाहीत, पण सर्वात पुढे उभा राहणार आहेस.

मुलगी परत यायला हवी असं तूच लिहिलं होतंस. मलाही वाटतं ती येईल. तिने दार लावलेलं नाही, किलकिलं ठेवलं आहे. आता तू तिथून आत जातोस की तुझं पोट आडवं येतं, ते बघू.

शोभाआत्या

---

पांढरकवडा
२ मार्च २०२५

आत्या,

केलं. सगळं केलं. आता सविस्तर लिहितो. एवढ्यात मला कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि लिहिलं तर तू मध्येच तोडणार नाहीस.

विठ्ठलराव म्हणाले, “जवाई, तुमी गोणपाट नेसान तं मी गावात कोणतं तोंड दाखवू?” आणि नेमकं त्याच दिवशी त्यांनी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जायचं काढलं. स्टाफमधल्या दोघांनी मला वेगळं घेऊन विचारलं की सर, तब्येत बरी आहे ना. बायकोने काजळी फासून दिली आणि फासताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, तूसुद्धा? तर म्हणाली, त्या पोरीला कोणी फासली होती? मला माहीतच नाही कोणी फासली होती.

उर्वशी वडिलांबरोबर आली. निळा ड्रेस, दोन वेण्या. मला पाहून हसलीही नाही, घाबरलीही नाही. मी नमस्कार केला, तर वडिलांनी परत केला. संमेलनाला आलेले पालक बहुतेक सगळे आले होते. बातमी पसरली होती ना. एरवी विज्ञान दिनाला कोण येतं?

मी स्टेजवर गेल्याबरोबर मैदान फुटलं. अशा हसण्यात मी कधी सापडलो नव्हतो. मला माहीत होतं की ही आपलीच माणसं आहेत, रोज मला सर सर म्हणतात, तरी मी पडद्याकडे एक पाऊल मागे सरलो. मागून कोणीतरी ओरडलं, “सर, हू करा ना!” मोबाईल वर झाले.

ती वाचायला लागली नाही. माईकसमोर नुसती उभी राहिली. लोक हसायचे थांबेपर्यंत थांबली. त्याला बराच वेळ लागला. मग तिने तुझ्या निवेदनात नसलेलं एक वाक्य म्हटलं. म्हणाली, “आदिमानव एकमेकांना हसत होते का, हे कोणालाच माहीत नाही.” आणि मग सुरुवात केली. कागद हातात नव्हता.

मी कंद खणले. विस्तव सांभाळला. दगड फोडायला घेतला आणि नेमकं ती ‘चुकीचं मारलं तर बोट फुटतं’ म्हणत असताना माझं बोट फुटलं. खरंच फुटलं, आत्या, नख काळं झालं आहे. लोक पुन्हा हसले, पण या वेळी कमी. हाडाचा भाग तिने दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा म्हणताना ती पहिल्या रांगेकडे बघत होती. ज्यांनी केळं फेकलं होतं ते तिथे नव्हते, पण त्यांच्या रांगेतले बाकीचे होते. एकही माणूस पार्किंगमध्ये गेला नाही. अनघाने शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे तिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे.

मला लाज वाटली. तुला हवं होतं तेच लिहितो आहे. संमेलनाच्या दिवशी मी मागच्या पडद्याआड उभा होतो आणि मुलं हे सगळं सोसत होती, आणि मी हाताने खूण करत होतो की जरा आणखी पुढे या. परवा तिथे उभा राहीपर्यंत मला ते दिसलंच नव्हतं. गोणपाट टोचतं, हेही मला माहीत नव्हतं.

कार्यक्रम संपला तशी मी तिला आणि वडिलांना ऑफिसात नेलं. म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं? सोमवारपासून ये, वसतिगृहातली तुझी जागा तशीच ठेवली आहे. पुढच्या संमेलनाचा माईक तुझा.

ती म्हणाली, “नाही सर. दाखला द्या.”

केळापूरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती दोघं आधीच जाऊन विचारून आली होती. मी म्हटलं, अगं, यायचंच नव्हतं तर मग मला हे सगळं कशासाठी करायला लावलंस? ती म्हणाली, “ते वाचायचं राहिलं होतं.”

मी वडिलांकडे पाहिलं. म्हटलं, तुम्ही तरी समजावा तिला. ते म्हणाले, “तिले समजते सर.”

कारकून जेवायला गेला होता. मी म्हटलं, जरा हातपाय धुऊन कपडे बदलून येतो. तर वडील म्हणाले, “बस निघून जाईन.” म्हणून मीच दाखल्याचं पुस्तक काढून लिहायला बसलो. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात आपण नेहमी लिहितो ते लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. उर्वशी टेबलाच्या या बाजूला येऊन वाचत होती. म्हणाली, “सर, बाबाने विनंती कुठे केली?”

मी ते खोडलं. पेन धरून बसलो. बोटातून कळ येत होती. ती दोघं उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाहीत. शेवटी मी लिहिलं, ‘शाळेची चूक’. तिने ते वाचलं आणि मान हलवली. मग मी सही केली, शिक्का मारला आणि दाखला तिच्या हातात दिला. गोणपाट तोवर अंगावरच होतं.

तुझा,
मंदार